बॅटरी परत केली, झटकून आणि वेळेवर

भाड्याच्या व्यवहारात मला कोणी शिकवू नये. एखाद्याला गळा असतो, एखाद्याला हस्ताक्षर असतं, तसं मला भाडं कळतं! नाटकाचे आणि नाचाचे कपडे भाड्याने द्यायचं आमचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो, आणि मी गल्ल्यावर बसून चालवत असताना आमची ही आतल्या खोलीत प्रत्यक्षात चालवते. राजा, सेनापती, परी, वाघ, डॉक्टर, सांगाल तो माणूस मापाप्रमाणे मिळेल. शेपूट तेवढी एकच शिल्लक आहे, त्यामुळे एका प्रवेशात दोन वाघ आणू नका एवढीच विनंती.

वडिलांनी मला दोन नियम दिले. पहिला, भाड्याची वस्तू ज्याची त्याला परत करायची. झटकून, घडी घालून, वेळेवर. दुसरा, कपडा हस्ते-परहस्ते जाऊ द्यायचा नाही. म्हणजे राजाचा झगा एका मंडळाने परस्पर दुसऱ्या मंडळाला द्यायचा नाही. तो आधी दुकानात येणार, धुतला जाणार, इस्त्री होणार आणि मग दुसऱ्याच्या नावाने नवी पावती फाटून बाहेर पडणार. नाहीतर झग्यावरचा डाग पहिल्या राजाचा की दुसऱ्या राजाचा, यावर दोन राजे आमच्या पायरीवर युद्ध करतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

या दुसऱ्या नियमानेच माझा घात केला.

आमच्याकडे विजेवर चालणारी एक छोटी निळी गाडी होती. ती मी मोठ्या हौसेने घेतली होती. तेव्हा गाडी स्वस्तात पडली, कारण तिच्या पोटातली बॅटरी आमची नव्हती. बॅटरी कंपनीची, दरमहा तिचं भाडं द्यायचं. गाडी आपली आणि बॅटरी भाड्याची! मला तर हा प्रकार इतका घरचा वाटला, की विकणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत मी सही केली.

आता ती विकायची होती, आणि त्याचं कारण आमच्या हिची मान. इतकी वर्षं ही बाई सगळ्या राजांचे झगे आणि सगळ्या पऱ्यांच्या झालरी हाताने इस्त्री करत आली. जाड जरीचा झगा म्हणजे ओली सतरंजी उचलल्यासारखा असतो. शेवटी मान धरली ती धरलीच. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला आणि सांगितलं, हाताची इस्त्री बंद. नाहीतर हात उचलणंही बंद होईल. म्हणून वाफेवर चालणारं प्रेसचं मशीन घ्यायचं ठरलं. झगा टांगायचा, पायाने दाबायचं, वाफ सुटते, काम झालं. गाडी विकायची आणि मशीन आणायचं. हिने कधी काही मागितलेलं नाही. मशीनसुद्धा मागितलं नाही, नुसतं त्याचं चित्र कापून इस्त्रीच्या टेबलासमोर चिकटवलं.

मी जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, काच पुसली, चांगली ठेवलीय म्हणाला. मग विचारलं, बॅटरी तुमची की भाड्याची? भाड्याची म्हटल्यावर त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी मागे वळून बघितलं. मला वाटलं तो माझ्यामागे उभ्या असलेल्या सायकलीबद्दल बोलतोय!

"अहो, गाडी तुमची आणि जीव दुसऱ्याचा," तो म्हणाला. "घेणाऱ्याच्या गळ्यात दरमहा भाडं पडणार. मी ही अर्धीच गाडी धरतो."

मी तिथून ताडकन निघालो. अर्धी गाडी म्हणे! दलालाला काय कळतंय भाड्यातलं.

आणि देव तारी त्याला कोण मारी, दुसऱ्याच दिवशी नाचाच्या बाई दुकानात आल्या. नाचाच्या बाई म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या वर्गाच्या मुली आमच्याच कपड्यांत लहानाच्या मोठ्या झाल्या. बाईंना वर्गावर जायला छोटी गाडी हवी होती आणि आपली निळी त्यांच्या मनात भरली. बॅटरीचं भाडं द्यायलाही त्यांची ना नव्हती. त्या स्वतः भाड्याच्या जागेत नाच शिकवतात, त्यांना भाड्याचं भय नाही. त्यांनी भाव केला, मी थोडा सोडला, त्यांनी थोडा वाढवला. दलालाच्या आकड्यापेक्षा किती तरी वर आम्ही थांबलो. मशीन सहज येत होतं! जाता जाता बाईंनी एकच अट घातली.

"भाऊ, मागचं काही माझ्या गळ्यात नको हं. सगळं मोकळं करून द्या."

"बाई," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "हे तुम्ही मला सांगताय?"

त्यांना काय म्हणायचं होतं, ते कोणत्याही साध्या माणसाला कळलं असतं. भाडं थकवू नका, कागद नीट करा. पण मी साधा माणूस नव्हतो, मी भाड्यातला तज्ज्ञ होतो! माझ्या डोळ्यांसमोर वडील उभे राहिले. भाड्याची वस्तू हस्ते-परहस्ते? माझ्या नावावरची बॅटरी मी परस्पर बाईंच्या हातात कशी देणार? ती आधी कंपनीत जायला हवी. तिथे तिची पुसापुशी होईल, मग बाई त्यांच्या नावाने नवी पावती फाडतील आणि बॅटरी नव्याने बाहेर पडेल. सरळ हिशेब होता.

मी कंपनीला फोन करून सांगितलं, करार बंद करायचाय, बॅटरी घेऊन जा. पलीकडच्या मुलीने विचारलं, नक्की का? मी नक्की म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी मनात हसलो. गिऱ्हाईक सुटायला लागलं की मीही असंच दोनदा विचारतो.

त्यांच्या गोदामात मी गाडी स्वतः चालवत नेली. जाण्याआधी वाकून-झोपून गाडीच्या पोटाखालची धूळ झटकली, कारण नियम म्हणजे नियम. गोदामातल्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, नक्की काढायची? मी म्हटलं, लवकर काढा, मला दुकान उघडायचंय. त्यांनी गाडी वर उचलली, बॅटरी खाली घेतली आणि ती एवढी मोठी निघाली की मला वाटलं, आपण आजवर गाडी चालवत नव्हतो, एक भलीमोठी गादी चालवत होतो. मी खाली बसून बघितलं. डाग नाही, पोचा नाही. पावतीवर तसं लिहूनही घेतलं.

"इतक्या प्रेमाने बॅटरी परत आणून देणारे तुम्ही पहिलेच," साहेब म्हणाले.

मला भरून आलं! वडील असते तर त्यांनाही आलं असतं.

परतीचा प्रवास टोइंगच्या ट्रकवर झाला. पुढे ट्रकवाला, मागे टांगलेली माझी गाडी, आणि ट्रकवाल्याच्या शेजारी मी, मांडीवर पावती घेऊन. दुकानाशी पोचलो तर ही आत परीच्या झग्याला झालर लावत होती. गळ्यात पट्टा, ओठांत ओळीने टाचण्या. तिने खिडकीतून ट्रक बघितला, मग मला बघितलं, आणि तिचे डोळे असे मोठे झाले की मी चटकन खुलासा केला. बंद नाही पडली, मोकळी झाली; बॅटरी कंपनीला परत करून आलो; आता बाईंनी त्यांची घ्यायची.

ती काहीतरी म्हणाली, पण टाचण्यांतून नुसतं "म्म्म" एवढंच बाहेर आलं. मान हलवून नाही म्हणावं, तर पट्ट्यामुळे तीही हलेना. तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचायला सुरुवात केली. मला वाटलं, कौतुकाने शब्द फुटत नाहीत. तेवढ्यात ट्रकवाल्याने हाक मारली, मी बाहेर गेलो, गाडी अंगणात उतरवून घेतली आणि ती पुसायला लागलो. शेवटची टाचणी निघेपर्यंत अंगणात नाचाच्या बाई हजर!

बाईंबरोबर त्यांच्या आई होत्या. म्हाताऱ्या आजींना गाडीतून फेरी मारून आणायचं कबूल केलेलं होतं, आणि आजी त्यासाठी नवी शाल घेऊन, पर्स मांडीवर ठेवायच्या तयारीनेच आल्या होत्या. त्या थेट दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावून घेतला आणि चला म्हणाल्या. बाई चालकाच्या जागी बसल्या. त्यांनी बटण दाबलं. दिव्यांची छोटी बॅटरी गाडीची स्वतःची असते, त्यामुळे समोरचे दिवे लागले, रेडिओ सुरू झाला, कोणीतरी बातम्या सांगायला लागलं. बाईंनी पायाने दाबलं.

"काय शांत चालते गं," आजी खूश होऊन म्हणाल्या. "पोटातलं पाणी हलत नाही."

"चालत नाहीये, आजी," मी खिडकीत वाकून म्हटलं. "उभी आहे."

आणि मग मी सगळं सांगितलं, अभिमानाने. तुमची अट पाळली, बॅटरी जमा केली, ही बिनडागाची पावती, आता तुम्ही कंपनीकडून तुमच्या नावावर घ्या की गाडी तुमची. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. नाचात शेवटच्या ठोक्याला सगळ्या मुली थांबतात ना, तशा थांबल्या होत्या.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "भाडं थकलेलं नको एवढंच म्हणत होते मी. बॅटरी माझ्या नावावर करून घेणार होते. बसल्या जागी, एका सहीत."

"हस्ते-परहस्ते?" मी विचारलं.

"हो. तसंच करतात सगळे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी उसनं हसू आणून मी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजावर. म्हटलं, सकाळी जमा केलेली बॅटरी आता या बाईंच्या नावाने द्या. तीच मुलगी होती. ती म्हणाली, या जुन्या गाडीसाठी कंपनी आता नवे करार करत नाही. चालू करार दुसऱ्याच्या नावावर करता येतो, बंद केलेला पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून तर तीनदा विचारायचा नियम आहे.

"मग माझी बॅटरी मला परत द्या!" मी ओरडलो.

"तुमची नव्हती ती, सर," मुलगी शांतपणे म्हणाली. शिवाय ती आता गोदामातही नव्हती. अशा जुन्या बॅटऱ्या उन्हावर तयार केलेली वीज साठवायला देतात म्हणे. आमची निघाल्या निघाल्या एका कोंबड्यांच्या शेडकडे रवाना झाली होती. तिथल्या दिव्यांसाठी! मी सकाळी तिला झटकून-पुसून दिली ती कोंबड्यांना उजेड पाडण्यासाठी! नवी बॅटरी विकत घ्यायची तर केवढ्याला, ते विचारलं. मुलीने सांगितलं. आजींनी गाडीतून विचारलं, "गाडीची किंमत सांगतेय का?" नाही आजी, गाडीच्या दुप्पट सांगत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकला होता, इथे तर कोंबड्याही दुसऱ्याच्याच होत्या.

मी घाईघाईने दलालाला फोन केला. म्हटलं, तुमचा तो सायकलचा भाव, म्हणजे माझ्या गाडीचा, मला मंजूर आहे. त्याने आताची हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाला, परवा अर्धी गाडी होती, आज चार खुर्च्या आणि वर छप्पर आहे, आणि मी फर्निचर घेत नाही. आणि फोन कापला.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात," आजी म्हणाल्या. "याने तर बैलच परत केला."

मी वळून दाराकडे बघितलं. आमची ही दारात उभी होती. टाचण्या सगळ्या काढून झाल्या होत्या, म्हणजे आता तिला हवं ते बोलता येत होतं. पण ती वळली. आत गेली. मीही मागोमाग गेलो. तिने टेबलासमोरचं मशीनचं चित्र अलगद काढलं, घडी करून खणात ठेवलं आणि हाताची इस्त्री लावली. संध्याकाळी एक राजा आणि दोन सेनापती जायचे होते. ते काही बॅटरीसाठी थांबणार नव्हते.

मला कसं झालं ते सांगता येत नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी तिच्या हातातून इस्त्री घेतली आणि म्हटलं, मी करतो. ती बाजूला झाली. इतक्या वर्षांत मी ती इस्त्री कधी उचललेली नव्हती. ती एवढी जड असेल, हे मला माहीतच नव्हतं! जरीचा झगा अर्धा होईपर्यंत माझा खांदा भरून आला, आणि मी जरा सुस्कारा टाकायला थांबलो तेवढ्यात राजाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला. दुकानात पहिल्यांदाच डाग कोणाचा यावर वाद झाला नाही.

बाहेरून बाईंची हाक आली. आजी गाडीतून उतरायला तयार नव्हत्या. फेरी कबूल केली होती ना, मग फेरी. बॅटरी नाही, वीज नाही, हे त्यांना सांगून झालं होतं. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी बंद पडली की ढकलायचे, तुम्हाला कोणी अडवलंय? शेवटी बाई स्टिअरिंगवर बसल्या, मी मागून ढकलायला लागलो. माझी कल्पना होती की रक्त ओकावं लागेल. पण गाडी सरकली! ती गादी पोटातून गेल्यापासून गाडी एवढी हलकी झाली होती की एका माणसाला ऐकत होती. अंगणाला एक फेरी झाली. आजी खिडकीतून हात हलवत होत्या, कोणाला ते माहीत नाही. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला माझी जीभ बाहेर आली आणि बाईंनी एकदम ब्रेक दाबला, त्यामुळे माझं नाक डिकीवर आपटलं.

"भाऊ," त्या खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "ही रंगमंचावर चढेल का?"

त्यांच्या वर्गाच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात गजबजलेल्या रस्त्याचा एक नाच असतो. त्यात पुठ्ठ्याची मोटार असते आणि दरवर्षी तिचं एखादं चाक एखाद्या मुलीच्या पायाखाली येऊन मोडतं. इथे खरी मोटार होती. धूर नाही, आवाज नाही, आग लागायची भीती नाही, दिवे लागतात, रेडिओ वाजतो आणि चार मुली नाचत नाचत ढकलू शकतात. मी नाक चोळत म्हणालो, बाई, हिचे कसले पैसे घ्यायचे, फुकट घेऊन जा. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"फुकट नाही," आमची ही म्हणाली. मान वळत नसल्यामुळे ती अख्खी बाईंकडे वळली होती. "एका प्रयोगाचं भाडं, अनामत वेगळी. ने-आण तुमच्याकडे. आणि गाडी परस्पर दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. आधी इथे परत यायला पाहिजे."

बाई हो म्हणाल्या. आजींनी विचारलं, यात मी बसणार आहे ना.

नंतरचं फार नाही. गाडी आता दुकानाच्या अंगणात वाघाच्या शेजारी उभी असते आणि तिला मागणी आहे. दर प्रयोगाला धावते असं नाही, नाटकवाल्यांना अजून पुठ्ठाच स्वस्त वाटतो. पण तिच्या भाड्यात एक गोष्ट बसते. वाफेच्या प्रेसचं मशीन विकत नाही घेता आलं, ते हिने भाड्याने आणलं. कराराचा कागद मी वाचायला मागितला तर तिने दिला नाही. सही तिनेच केली. मशीन आल्या दिवशी तिने खणातलं ते चित्र काढून पुन्हा भिंतीला लावलं आणि मशीनवर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली: "हे भाड्याचं आहे. ह्यांनी परत करू नये."

येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ती वाचतं. मी तेवढ्यात पावती फाडतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हिचा पट्टा काढला. मी शेजारीच उभा होतो. डॉक्टर म्हणाले, आता मान हळूच दोन्ही बाजूंना हलवून बघा, दुखतं का सांगा. तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्यावरची नजर न काढता मान सावकाश डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, उत्तम, हा व्यायाम रोज करत चला.

ती म्हणाली, "करते ना. हे घरीच असतात."